झाक रुएफ : १९५८ ची घडी सोन्याने बसली की अवमूल्यनाने?

(चर्चामंचावरचा धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर सदस्याचे टोपणनाव आहे.)

टांकसाळ

सुवर्ण परिमाणाचे, म्हणजे चलन ठरलेल्या वजनाच्या सोन्याशी बांधण्याच्या व्यवस्थेचे, बहुतेक समर्थक विद्यापीठांत राहिले. त्यांनी लिहिले, शिष्य घडवले, पण एखाद्या देशाचे चलन त्यांच्या हाती कोणी दिले नाही. फ्रान्सचे झाक रुएफ (१८९६–१९७८) इथेच वेगळे ठरतात. एकोल पॉलितेक्निकमध्ये शिक्षण, १९२३ मध्ये अर्थखात्याच्या तपासणी सेवेत प्रवेश, १९२६ मध्ये पंतप्रधान प्वाँकारे यांच्या कार्यालयात फ्रँकचा नवा दर ठरवण्याच्या कामात सहभाग, १९३० पासून लंडनच्या वकिलातीत आर्थिक सल्लागार, पुढे अर्थखात्यात कोषाचे संचालक, १९३९ मध्ये बँक ऑफ फ्रान्सचे उपगव्हर्नर. विशी सरकारच्या ज्यूविरोधी कायद्यामुळे १९४१ मध्ये ते पद गेले. युद्धानंतर जर्मनीकडून वसूल होणाऱ्या भरपाईचे वाटप करणाऱ्या ब्रुसेल्समधल्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले, मग युरोपीय कोळसा-पोलाद समुदायाच्या न्यायालयात न्यायाधीश. १९५८ मध्ये द गोल सरकारने आर्थिक घडी बसवण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

आज त्यांच्याबद्दल दोन सुट्या गोष्टी सांगितल्या जातात. १९५८ ची योजना शहाणपणाची होती, आणि १९६१ नंतरचा सोन्याचा आग्रह म्हणजे म्हातारपणीचे वेड. माझे मत असे की हे एकच काम आहे. पहिले मान्य करून दुसरे उडवून लावणाऱ्यांनी पहिले नीट तपासलेले नसते.

१९५८ च्या जानेवारीत फ्रान्सला नाणेनिधी, युरोपीय देयक संघ आणि अमेरिका यांच्याकडून मिळून सुमारे ६५.५ कोटी डॉलरची मदत मागावी लागली होती. रुएफ समितीने सप्टेंबरअखेर काम सुरू केले आणि २७-२८ डिसेंबरला निर्णय जाहीर झाले. अर्थसंकल्पाची तूट १,२०० अब्ज जुन्या फ्रँककडे चालली होती, ती सुमारे ६०० अब्जांवर आणली. त्यासाठी दारू, तंबाखू आणि कंपन्यांवरचे कर वाढवले, अनुदाने कापली, रेल्वे आणि विजेचे दर चढवले. धडधाकट माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन थांबवले. सर्वांत जास्त संताप त्यावरून झाला. किमान वेतन वगळता बाकीचे मोबदले आणि किमती महागाईच्या निर्देशांकाला बांधल्या होत्या, ती गाठ सोडली. फ्रँकचे साडेसतरा टक्के अवमूल्यन करून डॉलरला ४२० ऐवजी ४९३.७ असा दर ठेवला. पश्चिम युरोपातून येणारा ९० टक्के माल कोट्यातून मोकळा केला. १ जानेवारी १९६० पासून १०० जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक आला, त्याचे वजन ०.१८ ग्रॅम सोने.

यात क्रमाला महत्त्व आहे. १९५७ च्या ऑगस्टमध्येही सरकारने वीस टक्क्यांचे आडवळणाचे अवमूल्यन केले होते. ते वर्षभरात वाया गेले, कारण तूट तशीच होती आणि किमतींबरोबर मजुरी आपोआप चढत होती. रुएफ यांनी आधी भोक बुजवले, मग निर्देशांक तोडला, आणि मगच दर खाली आणला. तूट भरून काढण्यासाठी मध्यवर्ती बँकेने नोटा पुरवायच्या नाहीत, हे त्यातले मूळ सूत्र.

आता हेच सूत्र जगाला लावा. १९२२ च्या जिनोआ परिषदेने मध्यवर्ती बँकांना सोन्याच्या जोडीला पौंड-डॉलरसारखी सोन्यात वटणारी चलने राखीव म्हणून ठेवायला सांगितले. युद्धानंतर तीच जागा एकट्या डॉलरने घेतली. हे सुवर्ण विनिमय परिमाण. समजा अमेरिकेने फ्रान्सकडून १,००० डॉलरचा माल जास्त घेतला. निर्यातदार ते डॉलर बँक ऑफ फ्रान्सकडे देतो आणि त्याला ४,९३७ नवे फ्रँक मिळतात. फ्रान्समधला पैसा तेवढा वाढला. बँक ऑफ फ्रान्स ते १,००० डॉलर न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत ठेवते. म्हणजे अमेरिकेतला पैसा कमी झालाच नाही. एकाच रकमेवर दोन देशांत पतपुरवठा उभा राहतो. शुद्ध सुवर्ण परिमाणात त्या १,००० डॉलरमागे ३५ डॉलर औंसाच्या भावाने ८८८.६७ ग्रॅम सोने अमेरिकेतून निघाले असते, तिथला पतपुरवठा आवळला असता, खप कमी झाला असता आणि तूट स्वतःच मिटू लागली असती. सुवर्ण विनिमय परिमाणात हे घडत नाही, म्हणून तिथल्या तुटीला रुएफ ‘अश्रूंविना तूट’ म्हणत. त्यांचे उदाहरण असे : शिंप्याला दिलेले पैसे तो त्याच दिवशी मला उसने परत देणार असेल, तर मी कपडे शिवत राहायला हरकत कोणती?

१९६१ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे मांडले. ४ फेब्रुवारी १९६५ च्या पत्रकार परिषदेत द गोल यांनी ते जगाला ऐकवले. १९७१ च्या १५ ऑगस्टला निक्सन यांनी डॉलर वटवणे बंद केले. १९४९ मध्ये सुमारे २१,८०० टन असलेले अमेरिकी सोने तोवर ९,००० टनांच्या आसपास आले होते. निदान खरे ठरले की नाही, सांगा.

हुंडणावळ

निदान खरे ठरले. पण धाग्याचा दावा ‘एकच काम’ असा आहे आणि तो मला मान्य नाही.

१९५८ मध्ये काय चालले ते पाहा. दर बदलता आला, म्हणून चालले. ४२० वरून ४९३.७ ला जाणे म्हणजे सोन्यातली फ्रँकची किंमत सरकारने आपल्या निर्णयाने कमी करणे. शुद्ध सुवर्ण परिमाणात नेमके हेच करायचे नसते; तिथे मजुरी आणि किमती खाली आणाव्या लागतात. रुएफ यांनी फ्रेंच कामगाराची नाममात्र (रकमेतली) मजुरी कापली नाही, निर्देशांक तोडून वास्तव (खरेदीशक्तीतली) मजुरी खाली येऊ दिली. ते योग्यच झाले. पण याला अवमूल्यन आणि वित्तीय शिस्त म्हणतात. सोने त्या योजनेत फक्त एका आकड्याच्या रूपात आहे, ०.१८ ग्रॅम. तो आकडा नसता आणि फक्त डॉलरशी दर बांधला असता, तरी कर तेच राहिले असते, कोटे तसेच सुटले असते आणि गंगाजळी तशीच भरली असती.

दुसरे, रुएफ यांचा १९२५ आणि १९३१ मधला गाजलेला सिद्धांत. ब्रिटनमधली बेकारी बेकारी-विम्यामुळे कायमची झाली, असे त्यांनी मांडले. पुरावा काय, तर मजुरीला घाऊक किमतींनी भागून येणारे गुणोत्तर आणि बेकारीचा आलेख बरोबरीने हलतात. आलेख हलतात हे खरे. पण गुणोत्तराचा वरचा आकडा वाढला की खालचा घटला? १९२५ मध्ये चर्चिल यांनी पौंड युद्धापूर्वीच्या ४.८६ डॉलरला सोन्याशी पुन्हा बांधला. ब्रिटिश माल महाग झाला, किमती दबल्या, कोळसा खाणींत मजुरी कापायला निघाले आणि १९२६ चा संप झाला. म्हणजे खालचा आकडा सोन्याच्या दराने खाली ओढला आणि रुएफ यांनी दोष वरच्या आकड्यावर टाकला. विमा काढून टाकला असता तर मजुरी पडली असती हे त्यांचे म्हणणे खरे धरले, तरी भार सगळा त्या माणसावर का, ज्याने दर ठरवला नव्हता?

टांकसाळ

हुंडणावळ, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर रुएफ यांच्याच कामात आहे. १९२६ च्या जुलैत पौंडाला २४० फ्रँक इतकी घसरण झाली होती. प्वाँकारे आल्यावर फ्रँक सावरू लागला, आणि तो युद्धापूर्वीच्या वजनाला नेऊन बसवावा असे म्हणणारे फ्रान्समध्ये पुष्कळ होते. रुएफ यांनी हिशेब मांडला तो असा : कोणत्या दराला नाममात्र मजुरी न कापता फ्रेंच उद्योग टिकेल? त्यातून पौंडाला १२० ते १२५ ही पातळी पुढे आली. २५ जून १९२८ च्या कायद्याने नऊशे कसाचे (हजारात नऊशे भाग शुद्ध) ६५.५ मिलिग्रॅम सोने म्हणजे एक फ्रँक ठरला. जुना फ्रँक ३२२.५ मिलिग्रॅमचा होता. चार पंचमांश किंमत कायमची सोडून दिली. ब्रिटनने जी चूक १९२५ मध्ये केली, तीच टाळण्यासाठी रुएफ यांनी हे केले. तेव्हा जुन्या दराचा हट्ट त्यांच्या नावावर घालू नये. त्यांचा नियम असा होता की आधी मजुरी-किमतींचा मेळ बसेल असा दर निवडा, आणि निवडल्यावर मग तो मोडू नका.

१९५८ मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा तेच केले. अवमूल्यन एकदाच, शेवटचे, आणि शिस्त बसवताना. सारखे अवमूल्यन करत राहणे ही निराळी गोष्ट आहे.

हुंडणावळ

‘शेवटचे’ अवमूल्यन १९२८ मध्येही होते. मग १९३६, मग १९४५, १९४८, १९४९, १९५७, १९५८. दर वेळी कोणीतरी शेवटचे म्हणाले होते.

रोकडवही

१९२८ चा विषय निघालाच आहे तर पुढची चार वर्षेही बघायला हवीत. धाग्यात ती गाळली आहेत. फ्रँक मुद्दाम स्वस्त दराला बांधल्यामुळे जगभरचे सोने फ्रान्सकडे वाहू लागले. जगातल्या मौद्रिक (चलनामागे राखलेल्या) सोन्यातला फ्रान्सचा वाटा १९२६ मध्ये सुमारे ७ टक्के होता, १९३२ मध्ये तो २७ टक्क्यांवर गेला. रुएफ यांच्या नियमाप्रमाणे काय व्हायला हवे होते? सोने आले की पतपुरवठा वाढावा, किमती चढाव्यात, आयात वाढावी आणि सोने परत बाहेर जावे. झाले उलटे. कायद्याने किमान ३५ टक्के सोन्याचे पाठबळ मागितले होते. बँक ऑफ फ्रान्सकडचे प्रमाण १९३२ पर्यंत ८० टक्क्यांच्या आसपास पोचले. सोने तिजोरीत पडून राहिले. खुल्या बाजारात रोखे विकत घेऊन पैसा सोडण्याची मुभा १९२८ च्या कायद्याने बँकेला जवळजवळ दिलीच नव्हती, आणि नोटांवरच्या जुन्या भीतीने तसे करण्याची तयारीही नव्हती. बाकीच्या देशांत सोने आटले, किमती कोसळल्या.

म्हणजे ‘आपोआप’ चालणारी यंत्रणा ज्या देशात रुएफ यांनी स्वतः बसवायला मदत केली, तिथेच ती एका बाजूने चालली. ज्याचे सोने जाते त्याला आवळावेच लागते. ज्याचे येते त्याला सैल सोडण्याची सक्ती कुठेच नसते. हा दोष एखाद्या गव्हर्नरचा नाही, परिमाणाच्या रचनेतलाच आहे.

आणि १९६० च्या दशकातही तेच दिसते, फक्त दुसऱ्या टोकाने. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, ठेवी आणि नोटा या दोन्हींमागे २५ टक्के सोने ठेवणे बंधनकारक होते. सोने बाहेर जाऊ लागले, ही मर्यादा जवळ आली. रुएफ यांच्या हिशेबाने इथे पतपुरवठा आवळायला हवा होता. प्रत्यक्षात १९६५ च्या मार्चमध्ये, द गोल यांच्या पत्रकार परिषदेनंतर महिन्याभरात, अमेरिकी काँग्रेसने ठेवींमागची अट काढून टाकली. १९६८ च्या मार्चमध्ये नोटांमागचीही गेली. मधल्या काळात सोन्याच्या प्रत्येक निर्गमाची भरपाई फेडरल रिझर्व्ह रोखे घेऊन करत होता. तेव्हा तुमच्या उदाहरणातले ८८८.६७ ग्रॅम सोने खरोखर पॅरिसला गेले असते, तरी अमेरिकेतला पैसा आवळला गेलाच असता असे नाही. फ्रान्सने तर डॉलर देऊन सोने घेतलेही, वर्षानुवर्षे. अमेरिकेची तूट त्याने मिटली का?

टांकसाळ

रोकडवही, फ्रान्सच्या तिजोरीबद्दल तुमचा आक्षेप वजनदार आहे. पण त्या सोन्याच्या लोंढ्याचे दुसरे कारण सुवर्ण विनिमय परिमाणच आहे. १९२६-२७ मध्ये बँक ऑफ फ्रान्सने फ्रँक वर जाऊ नये म्हणून पौंड आणि डॉलर प्रचंड प्रमाणात विकत घेतले. ते पौंड लंडनमध्येच गुंतले. म्हणजे ब्रिटनला आपल्या महाग दराची किंमत चार वर्षे मोजावी लागली नाही. पुढे ते पौंड सोन्यात वटवायला सुरुवात झाली तेव्हा सगळे एकदम अंगावर आले. रुएफ त्या काळात लंडनमध्येच होते. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सोने सोडले आणि बँक ऑफ फ्रान्सकडे उरलेल्या पौंडांवर दोन अब्ज फ्रँकच्या वर तोटा बसला. १९६१ मध्ये ते जे सांगत होते त्यामागे हा अनुभव होता : परक्या चलनाची राखीव ठेव शांत असते तेव्हा फुगत राहते आणि ताण येताच एका आठवड्यात पळते.

अमेरिकी काँग्रेसने अट काढली, हे तर माझ्याच बाजूचे उदाहरण आहे. नियमाने काम केले नाही असे झाले नाही. नियम काम करणार हे दिसताच तो काढला.

रोकडवही

मग जो नियम काम करायच्या आदल्या दिवशी काढता येतो, त्यावर जगाची नाणेव्यवस्था कशी उभी करणार? रुएफ यांच्या लिखाणात या प्रश्नाला उत्तर नाही. संसद सार्वभौम आहे आणि बेकारी वाढलेली तिला चालत नाही. १९१४ पूर्वी मताधिकार थोड्यांना होता, कामगार संघटना दुबळ्या होत्या, म्हणून आवळणे सोसले गेले.

कसोटी

चर्चा फ्रान्स-अमेरिकेची आहे, पण या यंत्रणेचा पहिला मोठा प्रयोग हिंदुस्थानात झाला होता, आणि तिची चिरफाड करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. रुएफ यांच्या १९६१ च्या लिखाणाच्या अडतीस वर्षे आधी.

२६ जून १८९३ ला टांकसाळी चांदीसाठी बंद झाल्या. पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सला, म्हणजे पौंडाला १५ रुपये, असा स्थिरावला. चलनाची चौकशी करणाऱ्या फाउलर समितीने सोन्याची नाणी चालवा म्हटले होते, ते झाले नाही. झाले ते असे : लंडनमध्ये भारतमंत्री कौन्सिल हुंड्या विकत. इंग्रज व्यापारी तिथे पौंड भरे आणि ती हुंडी मुंबई-कलकत्त्याच्या सरकारी खजिन्यात दाखवून रुपये उचले. रुपये कमी पडले की चांदी घेऊन नवे पाडले जात. त्यातली चांदी दर्शनी किमतीपेक्षा बरीच कमी किमतीची. नाणी पाडण्यातला नफा सुवर्ण परिमाण निधीत जाई, आणि तो निधी बहुतांशी लंडनमध्येच ब्रिटिश रोख्यांत असे. टांकसाळ यांनी दिलेले १,००० डॉलरचे उदाहरण यावर ठेवून बघा. इथे रुपये वाढले, तिथे पौंड लंडनच्या बाजारातून हललेच नाहीत. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांना १९१३ मध्ये हीच व्यवस्था पुढारलेली वाटली.

आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या रुपयाविषयीच्या प्रबंधात याच्या उलट बाजू घेतली. हुंडणावळ (परकीय चलनाशी असलेला दर) स्थिर राहिली म्हणजे रुपया स्थिर राहिला असे नाही. इथल्या मालाच्या किमतीत रुपया काय विकत घेतो ते पाहा, आणि सरकारला हवे तितके रुपये पाडता येतात तोवर तो घसरतच राहणार. युद्धानंतर ते दिसलेच. १९२० मध्ये सरकारने २ शिलिंगचा दर टिकवण्यासाठी सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या उलट हुंड्या (इथे रुपये घेऊन लंडनमध्ये पौंड देणाऱ्या) विकल्या आणि दर तरीही सुटला.

हुंडणावळ

कसोटी, दुवा खरा आहे, पण उपाय एकच होता असे वाचणाऱ्याला वाटू नये. हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी मांडले ते असे : रुपये पाडणे कायमचे बंद करा, सोन्याची टांकसाळ उघडा, सोन्याचे नाणे आणि रुपया यांचे प्रमाण ठरवा, दोन्ही कायदेशीर चलन म्हणून फिरू द्या. मात्र रुपया सोन्यात वटवून देण्याची हमी सरकारने घ्यायची नाही. त्यांचा भर वटवण्यावर नव्हता, पुरवठ्याची मर्यादा गोठवण्यावर होता. कारण वटवण्याची हमी दिली की ती निभावण्यासाठी निधी ठेवावा लागतो, निधी सांभाळणाऱ्याच्या हाती पुन्हा मनमानी येते. रुएफ यांचा सगळा भार मध्यवर्ती बँकांनी एकमेकांची देणी सोन्यात चुकती करण्यावर आहे. माझ्या मते आंबेडकरांनी कमकुवत जागा जास्त अचूक हेरली. रोकडवही यांनी वर जे दाखवले, हमी देणाराच नियम बदलतो, ते टाळण्याचा प्रयत्न त्यांच्या आराखड्यात आहे, रुएफ यांच्यात नाही.

कसोटी

सहमत. त्यात एक अडचण मात्र राहते : पुरवठा गोठवल्यावर हंगामी निकड कशी भागवायची? कापूस आणि गहू बाजारात येण्याच्या महिन्यांत मुंबईच्या नाणेबाजारात व्याजदर चढत, आणि ताणता येईल असे चलन हवे ही केन्स यांची मागणी त्यावरच उभी होती. सोने आयात होऊन टांकसाळीत जाईपर्यंत हंगाम संपायचा.

धारणा

सोन्याचा भाव औंसाला ७० डॉलर करण्याच्या रुएफ यांच्या प्रस्तावाबद्दल अजून कोणी बोलले नाही, आणि रुएफ यांच्या व्यवहारीपणाची खरी परीक्षा तिथे आहे.

जुन्या ३५ डॉलरच्या भावाला सोन्याकडे परत गेलो तर सोने पुरणार नाही आणि १९३१ सारखी मंदी येईल, हे रुएफ यांना पक्के माहीत होते. म्हणून त्यांनी भाव दुप्पट करा म्हटले. १९६५ च्या सुमाराचा हिशेब ढोबळ आकड्यांत : अमेरिकेकडे सुमारे १४ अब्ज डॉलरचे सोने, म्हणजे ४० कोटी औंस. भाव ७० झाला की त्याच सोन्याची किंमत २८ अब्ज. परदेशी मध्यवर्ती बँकांकडचे डॉलर साधारण तेवढेच, १४ अब्जांच्या आसपास. वाढलेल्या किमतीच्या सोन्यातून ते एकरकमी फेडायचे आणि तरी अमेरिकेकडे पूर्वीइतक्याच डॉलर-किमतीचे सोने उरते. ज्यांच्याकडे सोने जास्त होते त्या युरोपीय देशांच्या नफ्यातला भाग ब्रिटनला दीर्घ मुदतीने द्यायचा, म्हणजे परदेशांकडे असलेल्या पौंडाच्या शिलका मिटतील. त्यानंतर देशांमधली तूट फक्त सोन्यात चुकती करायची. कागदावर हिशेब जुळतो.

अडते ते वाटपात. ज्यांनी अमेरिकेच्या शब्दावर डॉलर धरून ठेवले त्यांना काही मिळत नाही. ज्यांनी अविश्वासाने सोने घेतले त्यांची ठेव दुप्पट होते. पश्चिम जर्मनीच्या बुंडेसबँकेचे अध्यक्ष ब्लेसिंग यांनी १९६७ च्या मार्चमध्ये लेखी कळवले होते की आम्ही डॉलर सोन्यात वटवणार नाही. त्यांच्याच देशाला या योजनेत तोटा. सर्वांत मोठा नफा खाणवाल्यांना : दक्षिण आफ्रिका आणि सोव्हिएत रशिया. वॉशिंग्टनमध्ये कोणीही हे मंजूर केले नसते, आणि फ्रान्सने सुचवल्यामुळे तर नाहीच, कारण फ्रान्सकडे सोने भरपूर होते. शिवाय एकदा दुप्पट झाले की पुन्हा होईल या आशेने सोने दाबून ठेवणारे वाढतात, म्हणजे मध्यवर्ती बँकांकडे ते येतच नाही.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिफिन यांनी १९६० मध्ये तेच दुखणे ओळखले होते : जगाला राखीव पैसा हवा तर अमेरिकेने तूट चालवायला हवी, आणि तूट चालली तर डॉलरवरचा विश्वास जातो. त्यांचा उपाय नव्या आंतरराष्ट्रीय राखीव चलनाचा. रुएफ यांना तो नोटा छापण्याचा आणखी एक कारखाना वाटला. दोघांचेही उपाय झाले नाहीत. मार्च १९६८ मध्ये लंडनचा सुवर्ण संघ (मध्यवर्ती बँकांनी मिळून सोन्याचा भाव धरून ठेवण्याची व्यवस्था) मोडला आणि सोन्याचे सरकारी आणि बाजारी असे दोन भाव सुरू झाले, १९७३ मध्ये चलनांचे दर तरंगू लागले, १९८० च्या जानेवारीत औंसाला ८५० डॉलर.

टांकसाळ

धारणा, वाटपाचा आक्षेप मान्य. पण तो १९७१ नंतर जे झाले त्यालाही लागू होतो. डॉलर धरून बसलेल्यांचे तेव्हा जास्त नुकसान झाले, कारण सोन्यात त्यांना काहीच मिळाले नाही आणि डॉलरची खरेदीशक्तीही गेली. रुएफ यांच्या योजनेत निदान जुन्या देण्याची पूर्ण परतफेड होती. ठरवून, सगळ्यांनी मिळून, एकदाच. ७० ला नको म्हणणाऱ्यांना आठ-नऊ वर्षांत १८० आणि पुढे ८५० बघावे लागले.

दाबून ठेवण्याबद्दल : १९३४ मध्ये रूझवेल्ट यांनी २०.६७ वरून ३५ केले तेव्हा सोने दाबले गेले नाही, खाणींचे उत्पादन वाढले आणि लोंढा अमेरिकेकडे आला.

रोकडवही

१९३४ च्या आधी, १९३३ मध्ये, अमेरिकेने नागरिकांना खासगी सोने सरकारला द्यायला लावले होते. दाबून ठेवायला हाती काय उरले होते? मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्याने ते उदाहरण वापरताना ही सक्तीही मोजावी.

आणि सोन्याशी देणे बांधण्याचा एक फ्रेंच अनुभव जमाखर्चात धरायला हवा. १९७३ मध्ये अर्थमंत्री जिस्कार देस्तँ यांनी ७ टक्क्यांचे सरकारी कर्ज काढले, आणि फ्रँकचा सोन्याशी संबंध तुटल्यास परतफेड सोन्याच्या भावाप्रमाणे होईल अशी अट घातली. सत्तरच्या दशकात तो संबंध तुटला, अट लागू झाली, सोने चढले, आणि १९८८ मध्ये फेड संपेपर्यंत सरकारने घेतलेल्या रकमेच्या अनेक पट दिले. रुएफ यांचा त्या कर्जाशी संबंध नव्हता. पण भाव हलला की सोन्यातले वचन कसे वागते, ते यात दिसते.

हुंडणावळ

मी पुन्हा धाग्याच्या मूळ दाव्याकडे येतो, कारण तो तपासायला १९६८ पुरेसे आहे. तेव्हा फ्रान्सकडे रुएफ यांना हवे होते ते सगळे होते : शिस्तीतला अर्थसंकल्प, ०.१८ ग्रॅमचा फ्रँक, साडेचार हजार टनांवर सोने. मे महिन्यातल्या संपानंतर सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या ग्रनेल करारात किमान वेतन ३५ टक्के आणि बाकीची मजुरी सरासरी १० टक्क्यांच्या आसपास वाढली. भांडवल बाहेर पळू लागले, गंगाजळी गळू लागली. नियमाप्रमाणे पतपुरवठा आवळून मजुरी पुन्हा मेळात आणायची होती. सरकारने परकीय चलनावर निर्बंध आणले. नोव्हेंबरात द गोल यांनी अवमूल्यनाला नकार दिला. ते सत्तेवरून गेल्यावर ८ ऑगस्ट १९६९ ला पाँपिदू यांच्या सरकारने ११.१ टक्के अवमूल्यन केले. फ्रँक ०.१६ ग्रॅमचा झाला, डॉलरला ५.५५. त्यानंतर फ्रेंच निर्यात सावरली.

अकरा वर्षांत दोन अवमूल्यने, दोन्हींनंतर सुधारणा. सोन्याचा साठा दुसऱ्या वेळी प्रचंड होता, पहिल्या वेळी फार कमी होता. मग सुधारणेचे कारण सोने कसे?

टांकसाळ

साठा आणि नियम या दोन गोष्टी तुम्ही एक धरताय. रुएफ यांनी कधीच म्हटले नाही की तिजोरीत सोने असले की चलन टिकते. ते म्हणत की तूट नोटांनी भरली नाही तर चलन टिकते, आणि सोन्यात देणी चुकती करण्याची सक्ती असली तर सरकारला ते टाळता येत नाही. १९६८ च्या ग्रनेल कराराची किंमत कोणी भरली? बँकांना स्वस्त कर्ज देऊन उद्योगांनी वाढीव मजुरी भागवावी अशी सोय केली गेली, आणि तो पैसा मध्यवर्ती बँकेच्या पुनर्वटवणुकीतून (बँकांकडच्या हुंड्या विकत घेऊन पैसा देण्यातून) आला. १९५८ मध्ये बुजवलेले भोक पुन्हा उघडले. ०.१८ चे ०.१६ होणे हा त्याचा परिणाम.

१९५९ ते १९६७ या नऊ वर्षांत दर एकदाही बदलावा लागला नाही, विदेशी कर्जे मुदतीआधी फेडली गेली, आणि युरोपीय समाईक बाजारपेठेतल्या जकात-कपाती फ्रान्सने वेळच्या वेळी पाळल्या. १९५७ मध्ये हे कोणाला शक्य वाटत नव्हते. तुमचा हिशेब १९६८ पासून सुरू होतो, माझा १९५९ पासून. आणि १९६३ मध्ये भाववाढ परत डोके वर काढू लागली तेव्हा सरकारने काय केले, पतपुरवठा कसा आखडला आणि किमती कशा गोठवल्या, ते दोघांपैकी कोणीच अजून मांडलेले नाही. पुढच्या प्रतिसादात त्यावर बोलू, कारण किमती गोठवणे रुएफ यांना अजिबात मान्य नव्हते आणि पतपुरवठा आखडणे पूर्ण मान्य होते.